उलटी बाजू

आधी पालथं करायचं.
झालर, कॉलर, कफ, काही असो,
तोंड बघून कुणाची जात सांगू नये,
लेसची तर नाहीच.

मडगावला जुन्या बाजारामागे माझं दुकान:
एक मशीन, दीड खिडकी,
आणि रफू करताना वाकून वाकून
प्रश्नचिन्हासारखी झालेली मी.

लुदोविनाबाई कुडतरीहून बसने आल्या
बिस्किटांच्या डब्यात बाप्तिस्म्याचा झगा घेऊन.
पाच पिढ्या, चौदा मुलं, झगा एकच.
"नातू गुटगुटीत आहे, बगलेत सैल कर.
पण खालची लेस सांभाळ गो,
पणजोबांनी लिस्बनहून आणलेली, बोटीतून."

मी भिंग काढलं.

क्रोशे असता तर एकच दोरा,
साखळीतून साखळी;
टोक सापडलं की दुपारभरात उसवून
पुन्हा नुसतं रीळ.
बॉबिनची असती तर दोरे एकमेकांवरून गेले असते
लग्नघरातल्या बायकांसारखे,
इकडची तिकडे, तिकडची इकडे,
कुणीच कुणात न अडकता.
सुईची लेस असती तर खाली काहीच नसतं,
हवेला टाका, टाक्याला टाका.
आणि यंत्राची असती तर कडेला बारीक लव,
आणि सगळी फुलं इतकी सारखी
की दुसऱ्या फुलाशी झोप यावी.

ही यातली नव्हती.
पाकळीच्या आत पाहिलं: उभे धागे, आडवे धागे.
कापड.
"बाई, ही लेस नव्हे. कटवर्क."

आधी पेन्सिलीची रेघ, रेघेवर धावदोरा,
त्यावर काजाचा टाका, खेटून खेटून,
आणि अगदी शेवटी कात्री.
पूल आधी बांधायचे,
नदी मागाहून खणायची.

"असेल. पण लिस्बनचंच ना?"

मी जोड शोधला. बोटाने, मग भिंगाने, मग उन्हात धरून.
जोड नव्हता.
झग्याचं कापड तेच झालरीचं कापड,
इथे, याच घेरावर, मांडीवर घेऊन केलेलं.
बोट पणजोबांसकट
माझ्या टेबलावरच बुडाली.
लुदोविनाबाईंनी डब्याचं झाकण लावलं, उघडलं, लावलं.

मग एक दोरा संपून दुसरा सुरू होतो
त्या जागा मोजल्या.
सगळीकडे उलटी चाल.
"हात डावखुरा होता," मी म्हटलं.

खाली स्कूटरवाला पाववाल्याशी भांडत होता.
भांडण मिटलं, स्कूटर गेली,
तेव्हा त्या बोलल्या:
"कायतानिन.
आमच्याकडे शिवायला यायची. मांय सांगायची.
डाव्या हाताने जेवते म्हणून
तिचं ताट मागच्या पायरीवर."

एवढंच. आणखी काही आठवेना.
पोर्कांव आठवलं, मोडकी शिंपल्यांची खिडकी आठवली,
पणजोबांच्या मिशा तर तसबिरीतच होत्या.

मागच्या शिवणीपाशी एक पान कापलेलं नव्हतं.
कडा पुरी, पूल पुरे,
कापड मात्र जिथल्या तिथे, पोट भरलेलं.
"विसरली?"
इतकं काजाचं काम करून कात्री कोण विसरतं?
दिवा गेला असेल. हाक आली असेल.
किंवा असंच.
"तू कापून टाक ना, तुझा हात बसलाय."

बगल सैल करायचे साडेतीनशे.
ते पान मी कापत नाही, तिला म्हटलं,
कितीही दिले तरी.

पावतीवर काय लिहू?
"झगा एक," त्या म्हणाल्या. थांबल्या.
"लिस्बन लिहू नकोस."
लिहिलं: झगा एक, पांढरा, कटवर्क. काम: कायतानिन.
आडनाव?

त्या खिडकीतून बाहेर बघत राहिल्या,
त्यांची बस येऊन गेली तरी.
तेवढी जागा मी मोकळी सोडली
आणि कडेकडेने रेघ मारली, दोनदा,
कागद फाटू नये म्हणून.